डब्यावरचा ठेका

आमच्या अप्पांना रॅपचा किती राग, इचारूच नका. अप्पा म्हणजे माझे वडील, आमच्या मंठाळ गावात चाळीस वर्सं भीमगीतांना ढोलकी वाजवलेला माणूस. माझी पोरगी पल्लवी गुलबर्ग्याला शिकते. सुट्टीत घरी आली की दिवसभर कन्नड-मराठी मिसळून तिचं रॅप चालू. अप्पा वैतागायचे, "सूर न्हाई, चाल न्हाई. कामून भांडायलीस गं?"

पण तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगला धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. पोरगी रंगात आली अन् स्पीकरच बंद पडला. म्युझिक गेलं, माईक गेला. पल्लवी माईक ठोकून बघायलीय अन् मागं पोरं हुर्यो करायलेत.

तेवढ्यात माझ्या शेजारून टणटण सुरू झालं. बघतो तर अप्पा डब्यावर ठेका धरायलेत! पोरीनं आजोबाकडं बघितलं अन् बिनमाईकची सुटली. गाण्यात मधीच ती दोनदा अचानक थांबते. तिथं अप्पांचा हातबी थांबला, बरोब्बर. शेवटाला अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका द्यायलाय!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला तर रॅप आवडत न्हाई. मग ती कुठं थांबती, ते कसं कळलं?"

अप्पा धपाट्यांचा चुरा निवडत म्हणले, "चूक काढायची म्हणून सुट्टीभर कान देऊन बसलतो रे. कार्टी एकदाबी चुकली न्हाई."