दहापैकी दोन

अगं, नवीन लग्न होऊन कोपरगावला आले, तेव्हाची गोष्ट. धाकटे दीर कारखान्याच्या कामाने बँकॉकला जाऊन आले आणि तिथला गोड-तिखट सॉस घेऊन आले. भज्यांबरोबर सगळ्यांनी चाखला.

दीर वही काढून म्हणाले, "दहापैकी मार्क द्या."

सासऱ्यांनी नऊ दिले, यांनी दहा.

मी म्हणाले, "दोन."

दीर चिडले. "वहिनी, तुमी बँकॉक बघितलंय का?"

"न्हाई. पन जीभ माझी हाय. लई गोड लागतंय, मिरची नावालाच."

सासरे गुरगुरले, "सूनबाई, पाच तरी द्या."

"दोनच."

तेवढ्यात चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई. माझा एक लिव्हा."