खोलीतली सायकल

(सांगली. महायुद्धाचा काळ, खंडेनवमीची सकाळ. परसातल्या खोलीच्या दारात तिघं.)

नाथाजी: हा हार मोटारीला नको, लालासाहेब. यंदा सायकलीला घालायचा, असं वॉर्ड कमिटीनं ठरवलंय.

लालासाहेब: म्हंजे मोटारीची पूजा बंद?

नाथाजी: मोटारच बंद. लढाईपायी पेट्रोल मिळेना झालंय. गावात सायकलीनं फिरा, साताऱ्याला जायचं तर सर्व्हिस मोटार आहे. तुम्ही हळदीचे मोठे अडते. तुम्ही सायकलीवर बसलात तर निम्मी पेठ बसेल.

लालासाहेब: त्यापरास मी मोटारीला कोळशाच्या ग्यासची टाकी बसवीन.

नाथाजी: घरात एवढी चांगली सायकल असताना? आणा, तिला हार घालतो.

साळूबाई: हात आवरा, भावजी! हार फोटूला घालत्यात.

नाथाजी: वहिनी, माझ्या मनात तसं काही...

साळूबाई: माजा हंबीर पलटनीसंगं मलायात गेलाय. तारेत बेपत्ता म्हनलंय. त्याच्या म्होरं काय बी म्हनलेलं न्हाई.

लालासाहेब: आगं, दोन वरसं झाली त्याला.

साळूबाई: हू द्या की. तवापास्नं त्याच्या सायकलीवर कुनी बसल्यालं न्हाई. तुमी बसलासा, की तुमच्या मनातनं माजं पोरगं गेलं, असं मी समजंन.

लालासाहेब: ऐकलंसा? म्हनून मोटार. न्हाईतर मला काय सायकलीचं वावडं हाय व्हय?

नाथाजी: चुकलंच माझं. येतो मी... पण वहिनी, चाकं टणक कशी? ट्यूबमधली हवा दोन वर्षं टिकत नाही.

साळूबाई: ह्ये भरत्यात की.

लालासाहेब: मी? मला वाटलं, तू कुनाकडनं तरी भरून घेतीस.

साळूबाई: मी कवा? झाडलोट कराय येते, चाक दाबून बगते, टणक लागतंय. म्हनलं, बाप हाय, बोलत न्हाई पर पोराची याद ठेवतोय.

लालासाहेब: आगं, घरात पंप तरी हाय का? जाताना त्यानं मैतराला दिला.

साळूबाई: आन खोलीच्या कुलपाची किल्ली माज्या कमरंला.

नाथाजी: मी निघू का?

लालासाहेब: थांबा, गड्या. आत्ता जाऊ नका.

साळूबाई: आवं, म्होरलं चाक बगा दाबून.

लालासाहेब: टणक हाय.

साळूबाई: मागलं?

लालासाहेब: त्ये बी. माज्या अंगावर काटा आलाय गं.

साळूबाई: भ्यायचं काय त्यात? आपलंच लेकरू हाय. येतंय, हवा भरून जातंय.

लालासाहेब: आगं, जित्तं मानूस असं येतंय व्हय? कुलपातनं?

साळूबाई: (पदर डोळ्याला लावते.)

लालासाहेब: रडू नगंस. बोललो ते चुकलं.

साळूबाई: चुकलं न्हाई. भावजी, त्यो हार द्या हिकडं. मोटारीला घालते. ती आता जाग्यावरच ऱ्हानार.

लालासाहेब: मंग मी पेठंत...

साळूबाई: हिच्यावर जावा. त्यानं भरल्याली हवा वाया कशाला घालवायची?

लालासाहेब: सीट लय उंच हाय गं. माजं पाय टेकत न्हाईत. नाथाजी, तेवढा पाना बगा, जरा खाली घेऊ.

साळूबाई: खाली घिऊ नका.

लालासाहेब: आगं, पडंन की मी.

साळूबाई: तोल धरून चालवा. त्यो आला, तर त्याला परत वर करावी लागंल.