व्हायोलिनची बारीक तार

हसा लेकहो, पन आधी आयका. व्हायोलिनची बारीकवाली तार इतकी महाग झाली का नागपूरच्या दुकानात भाव आयकून मी तसाच बालाघाटले वापस आलो. त्यात दरवेळेस तेच आधी तुटते. मंग ठरवलं, ते लावाचीच नाही. रोज सकाळी तीन तारांवरच रियाज. उंच सूर आला का मी डोळे मिटून नुसती मान हालवाचो, जसा काही सूर मनातच लावून राह्यलो.

एक दिवस शेजारचे मास्टरजी फाटकावर थांबले. म्हणे, "भैया, आजकल बहुत मीठा बजा रहे हो. पहले कान में चुभता था."

मी असा फुगलो! घरात जाऊन बायकोले सांगतलं, "पाह्य, एक तार कमी असून लोकं तारीफ करून राह्यले!"

"हौ जी, आयकलं मी." ते देवापुढं उदबत्ती लावून राह्यली होती. तिनं डोळे मिटून हात जोडले.

म्हटलं, "माह्यासाठी काय मांगतलं?"

"हेच का देवा, बाकीच्या तिन्ही तारा बी अशाच महाग होऊ दे."