सुट्या सळईची बिजागरी

...अन् वरून मलेच म्हणतात, "लोखंड हलकं आणलं बे तू!" लोखंड हलकं? मानसं हलकी म्हना ना! महाराष्ट्र झाला तवा शाळेत पेढे वाटले, पुढच्याच साली म्या अकरावी सोडली, दोन वर्षं खामगावात सुताराच्या हाताखाली काढली, तवापासून घरात माह्यं नाव 'वाया गेलेलं'. पण दार बिघडलं का वाया गेलेल्यालेच हाका! आमच्या घरची दारं पाहा तुम्ही... बैठकीले पितळी कडी, गोठ्याले लाकडी खिट्टी, धान्याच्या खोलीले हा जाड कोयंडा अन् कुलूप, अन् बायांच्या न्हाणीले? फाटकं लुगडं! ज्वारीची अब्रू मोठी! अन् तुम्हाले सांगतो, सारे कडी पाह्यतात, बिजागरी कोणी पाह्यत नाही.

माही मोठी बहीण चांगुणा जळगाव जामोदच्या सासरहून एकटी निघून आली. कोपरापर्यंत हात भाजेल होता. चुलीनं नाही हो, नवऱ्यानं, तापल्या चिमट्यानं! एवढंच बोलली, "मी परत जात नाही." झालं! बाबा अन् त्याचा मोठा भाऊ, आमचे मोठेबाबा हिंमतराव, पानाचा डबा घेऊन बसले. मोठेबाबा म्हणे, "उद्या कुठी निघून गेली त तोंड कोनाले दाखवाचं? जावई येस्तोवर धान्याच्या खोलीत ठेवा." हात पाह्यला काय कोणी? आईनं खोबरेल लावलं अन् परत चुलीपाशी!

मले म्हणे, दार मजबूत कर. केलं ना! नवा कोयंडा ठोकला, मोठेबाबानं कुलूप तीनदा ओढून पाह्यलं, "वा बे, आता कामाचा झाला!" ओढा, म्हटलं, ओढा! सारे कडी पाह्यतात, बिजागरी कोणी पाह्यत नाही. दार आत उघडते, म्हंजे बिजागऱ्या आतून. अन् त्या म्या आणल्या सुट्या सळईच्या... खालून ठोकून सळई काढली का दोन्ही पानं वेगळी, दार हातात! भाकरीच्या टोपलीत मोठा खिळा दिला, ठोकाले वजनाचं लोखंडी माप आत होतंच. अकोल्याले तिची मैत्रीण नर्स, तिच्याकडं जा म्हटलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही सारे अमडापूरले. मीही, मुद्दाम, संशय नको म्हणून! भर दुपारी तिनं दार काढलं, भिंतीले नीट टेकवून ठेवलं, अन् बस धरली. अन् कंडक्टर कोन? बाबाच्या वळखीचा! "अर्जुनरावची लेक ना तू? एकटी कुठी चालली, माय? चल, घरी पोचवतो." भरली बस वळवली, अंगणात आणून उतरवली, तिकीटही घेतलं नाही बेट्यानं! सारी बस म्हणे, "भला मानूस!"

बाबानं मारलं नाही मले. मोठेबाबा लोखंडाले शिव्या देत राह्यला, बाबा मात्र दारापाशी बसला, सळई हातात घेऊन फिरवून पाह्यली, अन् हळूच म्हणे, "बसव. अन् दोन्ही टोकं ठोकून चपटी कर."

आता दार काय एकट्यानं बसते? आतून कोनाले तरी धरावं लागते. कोन धरलं? चांगुणानं. त्याच हातानं. "लवकर ठोक रे," म्हणे, "हिसके बसतात." ...अन् म्या ठोकलं.

जावई उद्या येऊन राह्यला. सारे कडी पाह्यतात म्हटलं ना? बाबा आता सकाळ-संध्याकाळ बिजागरी पाह्यतो. वाया गेलेल्या पोराकडून जन्मात एक गोष्ट शिकला... तेवढीच.