कुणी उठेपर्यंत

ताई : दार उघड, छोट्या. मध्यंतर आहे, वनवास नाही.

मास्तर : उघडंच आहे, ढकल. आणि चारचौघांत मला छोट्या म्हणू नकोस. मी या वाद्यवृंदाचा मास्तर आहे.

ताई : चारचौघं कुठे दिसतात तुला? एक तुझी पहिली व्हायोलिनवाली, एक मी. मी तुझी थोरली बहीण आधी, या सभागृहाची व्यवस्थापक मागाहून.

मास्तर : बरं, बस. आज रागवायचा दिवस नाही. पाहिलंस ना बाहेर? पायऱ्यांवरसुद्धा माणसं. मला वाटलं होतं, व्हिडिओ खेळाचं संगीत ऐकायला येऊन येऊन कोण येणार, शाळा बुडवलेली चार पोरं.

ताई : चहा निवायच्या आत तिकिटं संपली होती. समोरच्या बेकरीवाल्याने दुसरी भट्टी पेटवलीय, नावेच्या आकाराची बिस्किटं काढलीत त्याने, तीही संपली. आसपासच्या लॉजमध्ये खाट मिळत नाही. एक जोडपं विमानाने आलंय. त्यांची ओळख त्या गेममध्येच झाली, मग लग्न, आता बाळ कडेवर. पहिल्या रांगेत एक आजोबा पुठ्ठ्याचा कंदील मांडीवर घेऊन बसलेत.

व्हायोलिनवाली : ते नावाडी झालेत, ताई. गेममधल्या नावाड्याकडे तसा कंदील असतो.

मास्तर : म्हातारपणी?

व्हायोलिनवाली : वादळ काय वय विचारून येतं, मास्तर?

मास्तर : असो. मी काय म्हणतो, या सभागृहात मी एवढी वर्षं छडी हलवली, निम्म्या खुर्च्या माझ्याकडे टकामका बघत असायच्या. रिकाम्या. आणि आज? झोपडीची धून संपली तेव्हा तो उसासा ऐकलात? एका वेळी सगळ्या सभागृहाचा? अशी दाद मला जन्मात मिळाली नव्हती.

व्हायोलिनवाली : ती दाद नव्हती.

मास्तर : मग काय होतं?

व्हायोलिनवाली : हळहळ होती.

ताई : मी तेच सांगायला आलेय. छोट्या, त्या धुनेचं तू काय केलंस?

मास्तर : काय केलं म्हणजे? वाजवली.

ताई : किती वाजवलीस?

मास्तर : एकदा. नीट, स्वच्छ, सुरात. मूळ कागदावर तीच ओळ पानभर पुन्हा पुन्हा छापलेली होती. खाली समाप्तीची रेघसुद्धा नाही. मी म्हटलं, संगीतकार पोरगी नवखी आहे, कॉम्प्युटर अडकला असेल, कागद ओकत सुटला असेल. माझे गुरुजी सांगायचे, नक्कल करणाऱ्याची चूक जो वाजवतो तो त्याच्याहून मोठा मूर्ख. मी लाल पेन्सिलीने बाकीची काट मारली आणि खाली शेवट जोडला.

ताई : शेवट कोणाचा?

मास्तर : माझा. चांगला आहे. ट्रंपेटसकट.

व्हायोलिनवाली : ट्रंपेट वाजलं तेव्हा माझ्या मागच्या बाकावरचा सेलोवाला चक्क देवाचं नाव घेत होता.

मास्तर : तू घरी खेळतेस ना हा खेळ? मग तालमीत तोंड का उघडलं नाहीस?

व्हायोलिनवाली : तालमीत तुम्ही ते पानच उलटलंत. म्हणालात, हे तर झोपेतही वाजेल, वादळाचं घ्या. काट मारलेले कागद आज थेट स्टँडवर आले. मला वाटलं, तिला विचारूनच केलं असेल.

मास्तर : मला कोणी सांगेल का, एकच ओळ पन्नासदा वाजवण्यात असं काय सोनं आहे?

व्हायोलिनवाली : सांगते. गेममध्ये आपण नावाडी. वादळातून माणसांना पैलतीरी न्यायचं. नाव उलटते, कंदील विझतो, पुन्हा पहिल्यापासून. माणूस रडकुंडीला येतो. मग अचानक एक बेट लागतं. बेटावर झोपडी, आत पेटती शेगडी. तिथे वादळ येत नाही. तिथे काही करायचंच नसतं. नुसतं बसायचं.

मास्तर : नुसतं बसायचं? आणि यासाठी लोक पैसे मोजतात?

ताई : तू दर सुट्टीत डोंगरावर जाऊन काय करतोस रे? दगड फोडतोस?

व्हायोलिनवाली : बसलं की ही धून सुरू होते. आणि वाजत राहते. आपण बसू तेवढा वेळ. बाजूला दुसरी माणसं येऊन बसतात, जगातून कुठून कुठून. बोलायची सोय नाही तिथे. फक्त शेगडीत लाकूड टाकता येतं. माझा हात मोडला होता ना, मास्तर, प्लास्टर काढल्यावर बोटं वळत नव्हती. मी घरात कोणाला सांगितलं नाही, पण माझी खात्री झाली होती की व्हायोलिन संपलं. तेव्हा मी त्या झोपडीत जाऊन बसायचे. भाजी चुलीवर करपायची, मी आपली तिथे. आणि कोणीतरी अनोळखी माणूस यायचा, लाकूड टाकायचा, जायचा. मला फार आधार वाटायचा. बाहेर बसलेत त्यातल्या प्रत्येकाकडे अशी काहीतरी गोष्ट आहे. ते वादळ ऐकायला नाही आलेले. ते झोपडीत बसायला आलेत.

मास्तर : आणि मी त्यांना बसू दिलं नाही.

ताई : बसतायत न बसतायत तोच तू मागून बँड लावलास.

मास्तर : ती पोरगी काय म्हणाली?

ताई : बाल्कनीत आहे, आईला घेऊन आलीय. मी गेले तर म्हणाली, ठीक आहे, मास्तर मोठे आहेत, त्यांना योग्य वाटलं असेल. आणि पाण्याची बाटली उघडायला लागली. झाकण उलटं फिरवत होती बिचारी.

मास्तर : म्हणजे रागावलीय.

ताई : रागावली असती तर परवडलं असतं. छोट्या, तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. विश्वस्तांनी हा हंगाम संपला की वाद्यवृंद बंद करायचं ठरवलंय. ही पोरगी नवा गेम करतेय. त्याचं सगळं संगीत खऱ्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित करायचंय तिला, वर्षभराचं काम आहे. सगळ्या सिनेमांचा मिळून जेवढा गल्ला जमत नाही तेवढा या गेमवाल्यांचा जमतो म्हणे. ते काम मिळालं तर विश्वस्त तुझ्या गळ्यात हार घालतील. तिने सकाळी मला सांगितलं होतं, तुमच्याकडेच करीन म्हणते, आज ऐकून ठरवते.

मास्तर : आणि तिने ऐकलं.

ताई : ऐकलं. ट्रंपेटसकट.

मास्तर : बाकीचे चाळीस वादक बाहेर वडापाव खात खूश उभे आहेत, त्यांना काय तोंड दाखवू?

ताई : आधी रुमाल घे, कपाळ पूस. मग उत्तरार्ध झोपडीने सुरू कर.

मास्तर : करतो. काट खोडतो. पण ताई, एक सांग, थांबायचं कधी? कागदावर शेवट नाहीच.

व्हायोलिनवाली : तिने लिहिलेलाच नाही. खेळणारा उठला की धून विरते.

मास्तर : इथे खेळणारा कोण?

व्हायोलिनवाली : बसलेत की समोर.

मास्तर : म्हणजे लोक उठेपर्यंत? अगं, मी छडी वर करतो तेव्हा खाली कुठे आणायची ते मला ठाऊक असतं. शेवट माहीत नसलेलं मी आयुष्यात काही सुरू केलं नाही.

ताई : लग्न केलंस की.

व्हायोलिनवाली : ताई, हसवू नका, मला ट्यूनिंग करायचंय.

मास्तर : थट्टा नको. तू त्या पोरीला जाऊन सांग, मास्तर चुकला.

ताई : मी का सांगू? चूक तुझी, जीभ तुझी. घंटा झाली बघ. जा, आणि तुझ्या तोंडाने सांग.

(रंगमंच. झोपडीची धून बराच वेळ सुरू आहे. मास्तर छडी जेमतेम हलवतो. व्हायोलिनवाली वाजवता वाजवता, ओठ न हलवता बोलते.)

व्हायोलिनवाली : बोललात ते छान बोललात, मास्तर.

मास्तर : काय बोललो ते मलाच आठवत नाही.

व्हायोलिनवाली : म्हणालात, मघाशी मी तुम्हाला शेगडीजवळून हाकललं, आता जितकं बसायचं तितकं बसा. सगळे हसले. तुम्हाला कधी कोणी इतकं प्रेमाने हसलं नसेल.

मास्तर : तू सुरात वाजव. कितवी वेळ ही?

व्हायोलिनवाली : मी मोजलं नाही.

मास्तर : मीसुद्धा. गंमत आहे. चौथ्या-पाचव्यांदा मला कंटाळा आला होता. मग तो गेला. आता असं वाटतंय की दर वेळी ती ओळ थोडी वेगळी येते. कोणी काही बदलत नाहीये ना?

व्हायोलिनवाली : कोणीच नाही. झोपडीत असंच होतं.

मास्तर : बाल्कनीत बघ. मला पाठ वळवता येत नाही.

व्हायोलिनवाली : डोळे मिटून बसलीय. आईच्या खांद्यावर डोकं.

मास्तर : झोपली?

व्हायोलिनवाली : पाय हलतोय, तालात. मास्तर, विंगेत ताई काय करतायत?

मास्तर : माझी बहीण शहाणीसुरती बाई आहे. नाचतेय ती.

व्हायोलिनवाली : दोन बोटं वर, मग कानाला हात, मग आपल्या सगळ्यांकडे बोट.

मास्तर : लहानपणापासूनच्या खुणा आहेत त्या. दोन बोटं म्हणजे जमलं. पोरीने मघाशीच फोनवर निरोप पाठवलेला दिसतोय. ध्वनिमुद्रण इथेच. आपल्याकडेच. हसू नकोस, गज घसरेल.

व्हायोलिनवाली : तुम्हीच हसताय. छडी बघा तुमची.

मास्तर : वाद्यवृंद वाचला गं. आता लोक उठले तरी चालेल.

व्हायोलिनवाली : कोणी उठत नाहीये.

मास्तर : एकही नाही?

व्हायोलिनवाली : बाळसुद्धा गप्प आहे.

मास्तर : मग आपल्याला तरी कुठे जायचंय. घे, पुन्हा पहिल्यापासून. जरा हळू.