दिवस नाही हो, निकष!

...आणि वर मलाच म्हणतात, तुमचे कान उत्तम आहेत! उत्तम? कुठून उत्तम? बावीस वर्षं तोफेच्या बाजूला उभा होतो मी, तोफ काय कानात गुजगोष्टी करते? तुम्हाला सांगतो, डाव्या कानात चोवीस तास शिट्टी वाजते, कुकरची असती तर तिसरीला कुणीतरी गॅस तरी बंद केला असता! आणि उजवा कान... तो तर माझ्याही आधी निवृत्त झाला. मागे ऐकू येतंय ना? नुसत्या माना हलवू नका हं, ती युक्ती माझी आहे!

तर गेलो आमच्या माजी सैनिकांच्या कार्यालयात. म्हटलं, नोकरीत कान गेले, तसा एक दाखला द्या आणि कानाचं मशीन द्या, बस्स. खिडकीत कारकून, चष्मा कपाळावर, फाइल हातात. मान वर न करता म्हणाला, "काका, निकष बदललेत."

मला ऐकू आलं, "दिवस बदललेत."

मी म्हटलं, "अगदी मनातलं बोललात! पूर्वी माणसं आल्यागेल्याला बसा तरी म्हणायची!"

"बसा नाही हो, निकष! निकष बदललेत!"

"बदलणारच! आपण बदलू नये म्हणजे झालं!"

मागे सगळी रांग हसतेय, मला वाटतंय माझ्या विचारांना दाद मिळतेय, म्हणून मी मागे वळून मान लववली! शेवटी त्यानं कागदावर भलंमोठं लिहिलं आणि काचेला लावलं. निकष! हात्तिच्या! मग तो वहीच घेऊन बसला, मी बोलायचं आणि त्यानं लिहायचं. पूर्वी म्हणे कानातली शिट्टी हा स्वतंत्र आजार होता. आता नाही. आता ती बहिरेपणाचं लक्षण. म्हणजे शिट्टी एकटी आली तर घेणार नाहीत, पालकांना घेऊन या! आधी बहिरेपण सिद्ध करा, मग शिट्टीचं बघू. मी म्हटलं, अहो, तुम्ही अर्धा तास मला लिहून दाखवताय, हे सिद्ध नाही झालं? तर त्यानं लिहिलं, "हे निकषात बसत नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला, एका कागदासाठी? तुम्हाला म्हणून सांगतो... तो कागद मला कार्यालयासाठी नकोच होता. हिच्यासाठी हवा होता! आमच्या हिचं ठाम मत, मला सगळं ऐकू येतं. "ऐकायचं नसतं तुम्हाला! सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं!" अहो, सोयीचं बोलताना ती समोर असते, ओठ दिसतात! गैरसोयीचं सगळं स्वयंपाकघरातून, पाठमोरी, नळ सोडून! एवढ्या वर्षांचा संसार, आणि बाई मला बहिरा मानत नाही, लबाड मानते. हसा, हसा. पण लागतं हो ते मनाला.

तर गेलो तपासणीला. काचेची खोली, आत मी, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई, मशीनपुढे. त्यांनी आधीच लिहून दाखवलं, "आवाज आला की दाबा." म्हटलं, हुकूम! झाली सुरुवात, मी दाबतोय... दाबतोय... दाबतोय... बाईंचे डोळे मोठे होत चाललेत, मलाही हुरूप येतोय! बाहेर आल्यावर त्या टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. "काका, विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे!" आणि तसं लिहूनही दिलं! शिक्क्यासकट!

घरी आलो. हिनं तो कागद वाचला... एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, मग धाकट्या बहिणीला फोन लावून मोठ्यानं वाचून दाखवला! मग माझ्यासमोर उभी राहिली, "काय म्हणत होते मी? सरकारनं लिहून दिलंय!" आणि असा हात उगारून टेबलावर दाणकन...

आणि माझा अंगठा दाबला गेला!

आपोआप! हातात बटण नाही, काही नाही, पण अंगठा दाबला गेला! बसल्या जागी माझ्या डोक्यात प्रकाश पडला हो! तोफेवर हुकूम कानानं कोण ऐकतो? त्या गदारोळात कुणाला काय ऐकू येणार! हुकूम देणारा उस्ताद हात वर करायचा, आमची नजर त्या हातावर, हात खाली आला की फायर! बावीस वर्षं हेच केलं. आणि त्या काचेपलीकडे बाईंचा हात मशीनवर खाली आला की मी... फायर! फायर! फायर! अहो, एकही आवाज ऐकला नव्हता मी! मी तपासणी दिलीच नव्हती, सराव करून आलो होतो!

हिला सांगितलं. ती म्हणाली, "नवीन थाप! चला, मी येते तुमच्याबरोबर, बघतेच!" आली. बाईंना म्हणाली, "यांची खुर्ची भिंतीकडे फिरवा." फिरवली. मी भिंतीकडे बघत बसलो, बटण हातात... आणि नुसता बसलो. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय! म्हटलं, बाई चहाला गेल्या असाव्यात! किती वेळ गेला कोण जाणे. मग कंटाळून हेडफोनही काढला, तरी मी आपला भिंतीवरचा पोपडा बघतोय. मागे म्हणे ही उभी होती. "अहो" म्हणाली. मग मोठ्यानं "अहो!" मग असं ओरडली, की बाहेरच्या बाकावरचे चार जण आत डोकावले. आणि मी पोपडाच बघतोय!

ती फिरून समोर आली. खाली वाकली. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरताहेत, पण शब्दन्‌शब्द कळला मला. म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते हो?"

मी म्हटलं, "मी मान हलवत होतो ना." त्यावर आम्ही दोघं हसत सुटलो, बाई घाबरल्या, म्हणाल्या पाणी आणू का?

दाखला मिळाला. शिट्टीसुद्धा पालकांबरोबर नोंदली गेली. परवा मशीनही आलं. कानात घातलं आणि काय सांगू, आपला पंखा कुरकुरतो! जिना वाजतो! मीच जेवताना इतका आवाज करतो! वेडा झालो आनंदानं, सबंध घरभर नळ सोडत फिरलो! हिनं शांतपणे एकेक नळ बंद केला, खुर्ची ओढली, म्हणाली, "बसा. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला एक विचारलं होतं..."

पहिल्यापासून! सगळं पहिल्यापासून! एकही भांडण गाळायचं नाही! सध्या आमचं चौथं वर्ष चालू आहे, आणि अजून तर तिची आई राहायला यायचीय!

काल जरा हळूच कानाकडे हात नेला, म्हटलं, पाच मिनिटं काढून ठेवावं. तर ही स्वयंपाकघरातून, पाठमोरी, नळ सोडून, साध्या आवाजात म्हणाली, "हात खाली! पूर्वी चालायचं ते. आता घरातलेही निकष बदललेत."

आणि तुम्हाला सांगतो... या खेपेला "दिवस" नाही हो ऐकू आलं. "निकष"च ऐकू आलं. अगदी स्वच्छ!