हे पाणी देवाला द्याल का?

मंडळी, टाळ-मृदंग जरा थांबवा, ऐका. आधी एक विचारते. देवापुढं भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडली, तर पाप लागतं का? — लागतं! बघा, पुढच्या रांगेनं लगेच सांगून टाकलं. बरं. आणि ती पाळल्यानं लेकरं आजारी पडणार असतील तर?... आता का हो गप्प?

आडवळी नावाचं गाव. टेकडीवर खंडोबा, पायथ्याला विहीर, मध्ये घरं. तिथं राहायची सगुणा आणि तिची अडीच वर्षांची मैना. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. उभे कोण? सगुणाचे थोरले दीर, तात्या! माणूस वाईट नाही हं. सगुणाचा नवरा परगावी कामाला. घरात पीठ आहे का, मीठ आहे का, हे तात्याच बघायचे. त्यांचं वचन काय? वेशीला कमान! कमानीवर दोन हत्ती! हत्तींच्या सोंडेतून पाणी! — कुठलं पाणी, ते विचारू नका.

समोर उभी हौसा. दारोदार सांगत फिरायची, "पाणी उकळून प्या गं! वरच्या आळीचे संडास, तात्यांचा गोठा, सगळं झिरपून विहिरीत उतरतंय. मला निवडा, आधी ते वळवते."

बाया हसायच्या. "आली बघा उकळीबाई! अगं, मत मागतीस का चहा?"

मतदानाला आठ दिवस होते. भावकी देवळात जमली. एकेकानं भंडारा उचलला — मत तात्यांनाच! सगुणानंही उचलला. मूठ पिवळी झाली.

आणि तिसऱ्या दिवशी मैनाचे डोळे पिवळे झाले.

कावीळ! आळीतलं चौथं लेकरू. तात्यांनीच फटफटीवरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. आमच्या आज्यापासनं पितोय."

"आज्याच्या वेळी वर एवढे संडास होते का?"

तात्यांनी औषधाची चिठ्ठी खिशात घातली. पण कमानीचं वचन काही सोडलं नाही!

आता सगुणानं काय करावं? शपथ मोडली तर देव कोपेल, आजारी पोरीवरच कोपेल. पाळली तर विहीर तशीच.

दुपारची वेळ. मैना मांडीवर. तापलेलं कपाळ, ओठांवर दुधाचा सुकलेला थेंब. तिला थोपटता थोपटता सगुणाचाच डोळा लागला... अन् टेकडीवरून पांढरा घोडा उतरू लागला. टापांचा आवाज नाही. नुसता भंडारा उडतोय! कौलं पिवळी, शेळ्या पिवळ्या, वाळत घातलेली झबली पिवळी. घोडा दारात थांबला. "पोरी, तहान लागलीय."

सगुणानं माठातला पेला भरला. पुढं केला — अन् हात थांबला! "देवा, नको. हे विहिरीचं आहे."

देव हसला. "हे मला द्यायला तुझा हात धजत नाही... आणि माझ्या नावानं गावाला पाजायचं ठरवलंस होय गं?"

जाग आली. मांडीवरून मैना टुकुटुकु बघत होती. म्हणाली, "आई, घोडा गेला?"

मतदानाच्या सकाळी सगुणा डोक्यावर पदर घेऊन तात्यांच्या दारी. हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या. "भाऊजी, आज मत तुम्हाला नाही. पाठीमागं करायचं नव्हतं, म्हणून सांगायला आले."

"सगुणे! भंडारा उचललायस तू!"

"उचललाय. हे पाणी तुमच्या देवाला घाला, अन् त्याचं तीर्थ तुमच्या सोनीला द्या. दिलंत, तर शपथ पाळते."

तात्या रागानं देव्हाऱ्याशी बसले. देवाला अंघोळ घातली. पळी भरली. लाडकी नात, सोनी! तिनं इवलासा तळवा पुढं केला, गोड हसली... पळी वाकेना! तात्यांनी पळी जमिनीवर रिती केली.

"जा," म्हणाले, "रांग वाढायच्या आत जा."

सगुणा गेली. मत हौसाला दिलं.

कोण निवडून आलं, ते विचारताय? मी दुसरंच विचारते! रविवारी आपल्या गावातही मतदान आहे. कुणाला द्या, ते मी सांगणार नाही. पण आपली पाण्याची टाकी आतून शेवटची कधी धुतली, कुणाला ठाऊक आहे? हात वर करा... एकही नाही? अहो मृदंगवाले, तुम्हीही नाही?

मत मागणारी सगळी मंडळी तिकडं मंडपाच्या खांबापाशी उभी आहेत. उठा, आत्ताच विचारून या. टाळ खाली ठेवा. मी थांबते. नामाचा गजर त्यांचं उत्तर ऐकून करू.